डाव्या कानातलं गाणं

इअरफोन परत भीमाप्पाच्या कानातून निसटला आणि उशीवर पडला.

"जाऊ दे गं," तो म्हणाला. "डबड्यात खडं हलवल्यागत वाजतंय. लेकीचा आवाज असला ऐकायचा असंल तर न ऐकल्यालं बरं."

त्याची बायको शालूबाई पुढं वाकली. इअरफोन उचलून तिनं पदराला पुसला. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन भीमाप्पा बेळगावच्या इस्पितळात उताणा पडून होता. दोन्ही डोळ्यांवर पट्टी आणि मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या. वॉर्डात रेडिओ मोठ्यानं लावायला बंदी होती. म्हणून तिनं खडेबाजारातून हा एका कानाचा, स्वस्तातला इअरफोन आणून शेजाऱ्याच्या ट्रान्झिस्टरला जोडला होता.

थोड्या वेळानं सांगली केंद्रावरून जया गाणार होती. त्यांची थोरली. अनगोळच्या भजनात भीमाप्पानं ढोलकी वाजवत जन्म काढला आणि लेकीलाही ताल त्यानंच शिकवला. साथीला तोच सांगलीला जायचा होता, पण डोळ्यानं ऐनवेळी दगा दिला. मग जया एकटीच गेली, गाणं रेकॉर्ड करून आली. कसं झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, रेडिओवर ऐका. त्यापलीकडं एक शब्द बोलली नाही. आजही ती शाळेत शिकवायला गेली होती.

पलीकडच्या खाटेवर नंदगडचे मारुतीराव होते. ते म्हणाले, परत कधीतरी लावतीलच की. शालूबाईनं त्यांना सांगितलं, परतच्या भरवशावर ऐकायला ही काय बातमी न्हाय.

आधी तिनं सिस्टरकडून कापूस घेऊन इअरफोनच्या टोकाच्या बोंडाला गुंडाळला. इअरफोन कानात टिकला, पण आवाज गोधडीखालून आल्यासारखा येऊ लागला. कापूस भोकावर आला होता. तो काढून टाकून ती उठली आणि इस्पितळासमोरच्या सायकलच्या दुकानात गेली. व्हॉल्वला घालतात ती बारीक रबरी नळी तिनं बोटभर मागितली. दुकानदारानं कशाला म्हणून विचारलं. कानाला, ती म्हणाली. तो बघतच राहिला.

परत येऊन तिनं नळी ताणून ताणून बोंडावर चढवली. पुढचं तोंड मोकळं ठेवलं आणि मागं तीच दुमडून जाड केली. मग सिस्टरला विचारून डाव्या बाजूची पिशवी जराशी सरकवली. लहानपणी जयाच्या कानात तेल घालताना धरायची तसा नवऱ्याचा कान वर आणि मागं ओढून धरला. बोंड अलगद फिरवत आत सरकवलं आणि कान सोडला. कान आपणहून रबराभोवती मिटला. वायर ओढू नये म्हणून ती कानामागून घेतली आणि पट्टीच्या खाली गालावर चिकटपट्टीनं डकवली.

ट्रान्झिस्टरवर कुणाचं तरी भजन चाललं होतं. भीमाप्पाचा चेहरा एकदम स्थिर झाला.

"डग्गा," तो म्हणाला. "आता डग्गा घुमतोय. निस्ता टणटणत हुता मगाशी."

"तोंड उघडू नगा," शालूबाई म्हणाली. "जबडा हालला की निसटंल. काय सांगायचं ते बोटानं सांगा."

ती खाटेच्या कडेला बसली. तिला स्वतःला रेडिओचं काहीच ऐकू येत नव्हतं. वॉर्डात कुणीतरी कण्हत होतं, बाहेर बस हॉर्न वाजवत होती. थोड्या वेळानं भीमाप्पानं तिचं मनगट दाबलं आणि सुरू झालं हे तिला कळलं.

मग त्याची बोटं गादीवर वाजू लागली. आधी हळू, मग भरून. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या बोटांची चाल तिला पाठ झाली होती. धुरपद, कडवं, परत धुरपद. ती बोटांवरून गाणं ऐकत राहिली. दुसऱ्या कडव्याला बोटं गादीच्या वर थबकली. तिथं लांब तान होती. घरी गाताना जया तिथं हमखास घाई करायची, ठोक्याच्या आधीच येऊन पडायची, आणि बाप ढोलकी थांबवून म्हणायचा, परत.

बोटं वरच होती.

बोटं खाली आली ती पंजासकट. लोखंडी खाट वाजली, मारुतीरावांनी मान वळवली. भीमाप्पानं हात उलटा करून तळवा पसरला, मैफलीत दाद देतात तसा.

गाणं संपल्यावर तो न राहवून बोलला. "काढ लवकर. तुज्या कानात घाल. नाव सांगत्यात."

तिनं गालावरची चिकटपट्टी सोडवली, बोंड काढलं, आपला कान ओढला आणि पहिल्या खेपेलाच ते नीट बसलं. आवाज असा आला की जणू निवेदिका पाठीमागंच उभी आहे. आत्ताच आपण ऐकलंत कुमारी जया भीमाप्पा सांबरेकर यांचं गायन. शालूबाई तशीच बसून राहिली. पुढं शेतीची माहिती सुरू झाली तरी तिनं बोंड काढलं नाही.

सिस्टर धावत आली. भीमाप्पाचे ओठ थरथरताना तिनं लांबून बघितले होते. "बेडा, अप्पा, बेडा," ती कानडीत नको नको म्हणाली. "डोळ्यात पानी आणायचं न्हाई. टाका हाय आत."

"न्हाय आणत," भीमाप्पा म्हणाला. चाचपत त्यानं बायकोचा हात धरला.

"शालू, माज्या वाटचं तू रडून घे."