वर आलेले पंख

सहा वर्षांच्या शाल्मलीने तपासणीचा चष्मा लावला आणि चित्रातल्या फुलपाखराचे पंख कागदाच्या बोटभर वर, हवेतच चिमटीत धरले. डोळे तपासणाऱ्या रेगेबाईंनी चटकन दाराकडे पाहिलं. हल्ली मुलांचा एक डोळा शाळेच्या पडद्याला जोडलेला, दुसरा घरासाठी मोकळा. दोन्ही डोळ्यांनी मिळून एकच चित्र पाहणं, म्हणजे पंख असे वर आलेले दिसणं, हा आजार ठरला होता, आणि त्यावर शस्त्रक्रिया होती.

बाईंनी तिचं बोट खाली आणून कागदावर टेकवलं. "कुणीही विचारलं तरी इथेच ठेवायचं हं."

"पण पंख वर आहेत! तुम्हाला दिसतात ना?"

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी बाईंना हे विचारत होतं. तेवढ्यात शाल्मलीची आई दारात आली.

"नाही गं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कार्डावर ‘निर्दोष’ लिहिलं.

मायलेकी गेल्यावर त्यांनी दार लावलं, चष्मा चढवला आणि ते पंख हवेतच अलगद धरले.