उसळ

तालमीतून येताच हणमंतरावांनी सवयीप्रमाणे प्रथिनांच्या पावडरीचे दोन पेले रिचवले. जिभेखालची चकती थरथरली. आजचा प्रथिनांचा वाटा संपला. मूत्रपिंडं जपायला ती हल्ली सगळ्यांनाच बसवत. आता उद्यापर्यंत तिच्यामुळे डाळ, दूध, मटण, सगळं कडूजहर लागणार.

तेवढ्यात लेक वृंदा डबा घेऊन दारात उभी राहिली. आईच्या शेवटच्या आजारपणातही आबांची तालीम सुटली नाही, म्हणून ती रुसून गेली होती.

"आबा, आईसारखी मटकीची उसळ केलीय. खाऊन सांगा."

पावडरीचं सांगायची त्यांची छाती होईना. घास घेताच तोंड वाकडं झालं.

"अगदी तिच्यासारखी," ते कसेबसे म्हणाले.

"राहू द्या आबा. दिसतंय मला." ती निघून गेली.

सकाळी त्यांनी उरलेली उसळ तोंडात घातली. खरंच, अगदी तिच्यासारखी होती. तसं ते मोठ्यानं म्हणालेही, समोरच्या रिकाम्या खुर्चीला.