भावाची बेकरी

लेकीने बन बाबांपुढे ठेवला. त्यांनी तो फोडून नाकाशी नेला, एक घास खाल्ला आणि उरलेला बशीत टाकला. चाळीस वर्षं बेकरी चालवलेला माणूस. त्यांच्यापुढे बोलायची घरात कुणाची टाप नव्हती.

"मनुका न भिजवताच ढकलल्यास. दालचिनी तर नुसती घशात बसते. भट्टी म्हणजे पोरींचं काम नव्हे. उगाच नाही मी बेकरी तुझ्या भावाच्या हाती दिली."

तिने हाताचं पीठ पदराला पुसलं आणि बशी पुन्हा त्यांच्यापुढे सरकवली.

"हा त्याच्याच बेकरीतला आहे, बाबा. सकाळीच आणला. माझे अजून ओव्हनमध्ये आहेत. खायचे असतील तर थांबावं लागेल."