खांद्याच्या आतला बंध

"नाही म्हणजे नाही! रविवारी हा आखाड्यात उतरणार नाही," तेनिंग ओरडली.

जेगानचा उजवा खांदा तिने आत्ताच खोबणीत बसवला होता. वर्षभरात चौथ्यांदा. सेरेर मुलखातल्या पैलवानांचे निखळलेले सांधे बसवायला सगळे या म्हातारीकडेच यायचे आणि तिला आत्या म्हणायचे. आजवर तिने कुणाला कुस्तीपासून अडवलं नव्हतं.

जेगानच्या मामाचं, लातिरचं, डोकंच फिरलं. भाच्याला त्याने स्वतः घडवलं होतं. "म्हातारे, खांदा बसला ना? मग पुढचं आमचं आम्ही बघू!"

"बसला, पण राहणार नाही. सांधा पुढून धरून ठेवणारा बंध हाडापासून सुटलाय. हात उचलून मागे नेला की हाडाचा गोळा खोबणीबाहेर. माझ्या लेपाने बंध चिकटायचा नाही. डाकारच्या डॉक्टरकडून शिवून घ्या. मग सहा महिने कुस्ती बंद."

"सहा महिने!" जेगान ताडकन उठला. "आत्या, रविवारचा तो फातिक गावचा पैलवान माझ्यापुढे दोन मिनिटं टिकत नाही. त्याच्या माणसांनी तुला फितवलं वाटतं!"

तेनिंगने लेपाचं भांडं उचललं आणि अंगणात भिरकावलं. "चालता हो! पुन्हा निखळला तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

जेगान पेटला. खांदा धडधाकट असल्याचा डॉक्टरचा कागद आणतो आणि म्हातारीच्या दारात उभा राहून मोठ्याने वाचतो, असं तो गावभर सांगत फिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडीतळावर पोचला. डाकारच्या गाडीत तेनिंग आधीच बसली होती, ठेवणीतला झगा घालून.

"तू कशाला?" तो खेकसला. "डॉक्टर तुला तोंडावर खोटं पाडेल, ते ऐकायला?"

"गप बस." तिचा आवाज अजून तापलेलाच होता, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. "खांदा कशाने बिघडला, असं डॉक्टर विचारेल. तुला ते सांगता यायचं नाही. पहिल्या वेळी तो नुसता निसटला होता. तुझ्या काखेत पाय रोवून मी हात ओढला, तेव्हा आतला बंध फाटला. मी तो आवाज ऐकला, जेगान. बाकी सगळे खांदा बसला म्हणून टाळ्या वाजवत होते."