इंजिनाच्या तोंडाला फेस

"यंदा हँडल ज्ञानूच्या हातात द्यायचं," सोनबा म्हणाला.

इंजिन मंडळातले सातही जण रुळाशेजारी बसले होते. कुणी नाही म्हणालं नाही. रखमाजी तेवढा हातातली तेलकट चिंधी पिळत राहिला.

धरण बांधताना इंग्रजानं दगड ओढायला आणलेलं ते बुटकं इंजिन. काम संपलं, इंग्रज गेला, इंजिन फर्लांगभर रुळासकट गवतात पडून राहिलं. भंगारवाला न्यायला आला तेव्हा रखमाजी त्याच्यापुढं आडवा झाला. त्यातून मंडळ निघालं. रविवारी घासायचं, तेल द्यायचं, घरटी एक मोळी जळण आणायचं आणि खंडेनवमीला पूजा करून पेटवायचं. हँडल रखमाजीचं. इंजिन कुथत कुथत चार पावलं जायचं, लोक टाळ्या वाजवायचे.

मग पुण्याच्या रेल्वे शेडमधून रिटायर होऊन ज्ञानू गावी आला. एका रविवारी सहज पेटवलं, तर त्याच्या हाताखाली इंजिन फर्लांगभर धावलं. शिट्टी शेजारच्या उत्रोलीपर्यंत गेली. तिथली माणसं "ज्ञानूचं इंजिन" बघायला यायला लागली.

ज्ञानू बौद्धवाडीतला. हे मंडळात कुणी तोंडानं काढत नव्हतं. रखमाजी मनातसुद्धा काढायचा नाही, म्हणूनच ते जास्त सलायचं. पोरंटोरं ज्ञानूला डायवरसाहेब म्हणत. रखमाजीला आयुष्यात कुणी साहेब म्हटलं नव्हतं.

यंदा खंडेनवमीला धरण खात्याचा साहेब येणार होता. इंजिन चालवून दाखवा, मग ठरवू, असा निरोप होता. चाललं तर मंडळाला मिळेल, नाही तर भंगारात जाईल, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

आदल्या दिवशी ज्ञानू भोरच्या कचेरीत जाऊन आला. आल्यापासून बोलेना.

"भाव चढलाय त्याला," रखमाजी घरी म्हणाला.

सखूबाई नहाण्यासाठी रिठा उकळत होती. "इंजिनाशी लगीन लावलंय जणू तुमी. दुसऱ्यानं हात लावला की जीव जातोय."

 रखमाजी पातेल्यातल्या फेसाकडं बघत राहिला. भंगारात गेलं तर गेलं. ज्ञानूचं तरी होणार नाही.

खंडेनवमीला सकाळी भट्टी पेटली. वाफ धरू लागली.

"पानी तुमीच भरा, दादा," ज्ञानू म्हणाला. "टाकीकडं म्या बघत न्हाई."

"माज्यावर इस्वास हाय का?"

"तुमच्याइतका जीव कुणाचा हाय ह्याच्यावर?"

रखमाजीनं मान फिरवली. आणि चार घागरी पाण्यासोबत घरून आणलेली रिठ्याची पाचवी घागर बॉयलरशेजारच्या टाकीत रिकामी केली.

साहेब जीपमधून उतरला. नारळ फुटला. ज्ञानूनं हँडल ओढलं. इंजिन दोन पावलं गेलं, खोकलं, आणि धुराड्यातून पांढरा फेस उसळला. साहेबाच्या बुशशर्टावर पचकन पडला. इंजिन गपकन थांबलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. ज्ञानू खाली मान घालून उभा राहिला. रखमाजी गालात हसला.

साहेबानं रुमालानं शर्ट पुसला. "राहू द्या हे इथंच. डिझेलची टंचाई आहे म्हणून सोलापूरकडच्या धरणाच्या कामावर न्यायचं होतं. इंजिनही, ड्रायव्हरही. पगाराची नोकरी होती. पण हे धूड नेऊन काय करू? करा पूजा, ठेवा तुम्हीच."

जीप गेली. क्षणभर कुणाला उमजेना. मग सोनबानं ज्ञानूच्या पाठीत धपाटा घातला.

"इंजिन न्यायचं हाय ते कचेरीत कळलं व्हतं तुला. म्हणून मुद्दाम बिघडवलंस व्हय रं? नोकरीवर पानी सोडलंस की."

ज्ञानू नुसता हसला. गुलाल आला, तो ज्ञानूच्या कपाळाला लागला. त्याला खांद्यावर घ्यायला माणसं वाकली.

रखमाजीला राहवलं नाही. "त्यानं न्हाई. म्या केलं ते."

लोक हसले. "रखमाजी, आता हेबी तुमचंच व्हय?"

"टाकीत हात घाला. रिठा हाय. म्या घातला."

सोनबानं टाकीत हात बुडवला, वास घेतला, बोटं चोळली. बुळबुळीत. तो वळून रखमाजीकडं बघायला लागला. मग बाकीचेही. कुणीतरी गुलालाचं ताट इकडं आणलं. किती दिवसांनी सगळ्यांची तोंडं त्याच्याकडं वळली होती. रखमाजीनं कपाळ पुढं केलं.

"दादा," ज्ञानू हळू म्हणाला, "टाकीतलं पानी म्या अजून आत सोडलंच न्हाई. बॉयलर कालच भरला व्हता, साबन घालून."