चॅनल चाळीस

आयुष्य खाणीत, जमिनीखाली काढलेला क्लाइव म्हातारा आपल्या जुन्या गाडीतून पुढे होता. त्याच्या गाडीने उडवलेल्या लाल धुळीमागून कॅराव्हान, म्हणजे चाकांवरचं घर, ओढत मुलगा डॅरिल येत होता. पुढे खड्डा आहे, ट्रक येतोय, चहाला थांबू या, सगळं दोघं गाडीतल्या रेडिओवरच बोलायचे, रस्त्यावरचे ट्रकवालेही ऐकतात त्या चाळीस नंबरच्या चॅनलवर. आता मात्र बराच वेळ रेडिओ गप्प होता.

"बाबांना त्यांची जुनी खाण दाखवून झाली की सांगून टाक," डॅरिलची बायको ब्रॉन्विन म्हणाली. "वृद्धाश्रमवाले खोली किती दिवस अडवून ठेवतील?"

"सांगतो गं. रात्रभर तो खोकला ऐकून डोकं उठतं माझं. एकदा तिथे पोचवलं की सुटलो!"

मागून येणारा एक ट्रक जोरजोरात हॉर्न वाजवत शेजारी आला. ड्रायव्हर तोंडाशी मूठ धरून काहीतरी खुणावत होता. ब्रॉन्विनने सीटवरची खाऊची पिशवी उचलली. तिच्याखाली रेडिओचा माइक बोलायच्या बटणासकट दबलेला होता.

बटण सुटल्याबरोबर ट्रकवाल्याचा आवाज आला, "अरे लेका, सगळा रस्ता ऐकतोय तुमचं!"

डॅरिलचे कान तापले. गाडी कुठेतरी वळवावी असं त्याला वाटलं, पण तिथे वळायला दुसरा रस्ताच नव्हता.

मग म्हाताऱ्याचा आवाज आला.

"डॅरिल, पुढे रस्ता उखडलाय. डाव्या अंगाने ये, सावकाश." जरासा खोकून तो म्हणाला, "आणि त्या खोलीला खिडकी आहे ना रे?"