उज्जीयाचं घर

मेधा एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, कामाला जाते म्हणून लॉकडाऊन लागताच नवऱ्याने, पास्टर रूबेनने, तिची रवानगी परसातल्या छोट्या स्वतंत्र घरात, ग्रॅनी फ्लॅटमध्ये केली. तिचं ताट पायरीवर. दर रविवारी झूमवरच्या उपासनेत तो गरजायचा, "उज्जीया राजा गर्वाने मंदिरात घुसला, त्याला कोड फुटलं आणि मरेपर्यंत तो वेगळ्या घरात पडून राहिला." स्वतः मात्र नियम धाब्यावर बसवून क्वेकर्स हिल उपनगरभर लोकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत फिरायचा, तेही मास्कशिवाय. देवाच्या माणसाला काय होतंय?

पॉझिटिव्ह आला तो रूबेनच. खोकत ग्रॅनी फ्लॅटच्या दाराशी येऊन म्हणाला, "मेधा, तू घरात जा. आता मी इथे राहतो."

"नको राजेसाहेब, राजवाड्यातच राहा," म्हणत तिने आतून कडी लावली.



संध्याकाळी त्याचं ताट तिने मोठ्या घराच्या पायरीवर ठेवलं.